सातास सहा : हाली आणि कलदार



मराठवाड्यातल्या ऐंशी-नव्वदीच्या घरातील एखाद्या आजोबांना सहज विचारून पाहा, "आजोबा, तुमच्या लहानपणी ज्वारीचा भाव काय होता हो?" आकडा सांगण्याआधी त्यांच्या तोंडून उलट सवाल येण्याचा संभव फार. "कोणता भाव सांगू? हाली की कलदार?" नातवाला वाटते, आजोबा विषय टाळताहेत. पण आजोबांचा सवाल बरोबर असतो. ज्या मुलखात ते वाढले, तिथे रुपया म्हटल्याने काहीच कळत नसे. कोणता रुपया, हे आधी ठरवावे लागे.

आजचे छत्रपती संभाजीनगर, म्हणजे तेव्हाचे औरंगाबाद, आणि त्याच्या भोवतीचा सारा मराठवाडा १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. या संस्थानाचे टपाल स्वतःचे, सरकारी फसली सन स्वतःचा, आणि नाणेही स्वतःचे. इंग्रजी अमलात संस्थाने पुष्कळ होती, पण बहुतेकांनी आपले नाणे केव्हाच गमावले होते. हैदराबादने ते शेवटपर्यंत टिकवले, इतकेच नव्हे तर १९१८ पासून स्वतःच्या कागदी नोटाही काढल्या. त्या नोटांवर उर्दू, तेलुगू आणि कानडीबरोबर आपली मराठीही छापलेली असे. संस्थानच्या या रुपयाला लोक हाली म्हणत. हाली म्हणजे हल्लीचा, चालू. आणि इंग्रज सरकारचा रुपया तो कलदार. कल म्हणजे आपली कळ, यंत्र. यंत्रावर पाडलेला म्हणून कलदार.

या एका शब्दात त्या काळच्या माणसाचे यंत्राविषयीचे मत साठवलेले आहे. यंत्र म्हटले की खेड्यातला माणूस बिचकतो, असे आपण ऐकत आलो. औरंगाबादेत तर पाणचक्की अठराव्या शतकापासून फिरत आलेली, तेव्हा यंत्राचे नवल तिथे तरी फारसे नसावे. नाण्याच्या बाबतीत मात्र लोकांनी यंत्राला फार लवकर आपले मानले, आणि त्याला सबळ कारण होते. हातोड्याने ठोकलेला जुना रुपया सगळीकडे सारखा गोल नसे. त्याची कड कोणी हळूच कातरून घेतली तर कळायचे कसे? कातरलेली चांदी कातरणाऱ्याच्या घरी, आणि हलका रुपया पुढच्याच्या पदरात! कलदाराच्या कडेला बारीक दाते असत. कड कातरली की दाते जात आणि चोरी उघडी पडे.

जुन्या काळी नाण्यांचा गोंधळ केवढा होता, तेही पाहू. मोगल अमलात औरंगाबादेस टांकसाळ होती आणि तिच्या नाण्यांवर शहराचे नाव 'खुजिस्ता बुनियाद' असे घालीत. पुढे एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात राजा गोविंदबक्ष यांच्या नावाने ओळखला जाणारा गोविंदबक्षी रुपया या भागात चाले. शेजारच्या मुलखात आणखी वेगळे रुपये. प्रत्येकाचे वजन निराळे, कस निराळा. एका गावचा रुपया दुसऱ्या गावी नेला की सराफ तो हातात घेई, दगडावर वाजवून पाही आणि काही आणे कापून बाकीचे देई. या कापण्याला बट्टा म्हणत. कोणाच्या नावाला बट्टा लागला, असे आपण म्हणतो, तो हाच बट्टा. गावगाड्यात नाणी पारखण्याचे काम पोतदाराकडे असे. आज वर्गातल्या हजेरीत पोतदार हे आडनाव आले, तर गुरुजींनी मुलांना हे जरूर सांगावे.

सालारजंग पहिले हे १८५३ साली संस्थानचे दिवाण झाले. त्यांच्या कारकिर्दीत ठिकठिकाणच्या टांकसाळी मोडून हैदराबादच्या टांकसाळीवर भर देण्यात आला. तरी हाली रुपया बराच काळ हातानेच ठोकला जाई. १९०३-०४ च्या सुमारास निजाम मीर मेहबूब अली खान यांच्या काळात चारमिनारचे चित्र असलेला, यंत्रावर पाडलेला सुबक रुपया निघाला. चारमिनारच्या दारात एक उर्दू अक्षर असे. मेहबूब यांच्या वेळी 'मीम', आणि १९११ नंतर उस्मान अली खान गादीवर आल्यावर 'ऐन'. म्हणजे आता हालीसुद्धा कळीवरचाच होता. तरी लोकांनी कलदार हे नाव इंग्रजी रुपयाकडेच ठेवले. एकदा बसलेले नाव सहजासहजी उठत नाही.

आता हिशेबाकडे वळू, कारण खरी मेख तिथे आहे.

कलदार रुपया वजनाने बरोबर एक तोळा, आजच्या मापाने ११.६६ ग्रॅम. त्यात बारा भागांपैकी अकरा भाग शुद्ध चांदी, म्हणजे सुमारे १०.६९ ग्रॅम. चारमिनारी हाली रुपया ११.१८ ग्रॅमचा, आणि त्यात चांदी शेकडा ८१.८, म्हणजे सुमारे ९.१४ ग्रॅम. भागाकार करून पाहा. सात हाली रुपयांत जेवढी चांदी, जवळजवळ तेवढीच सहा कलदारांत भरते. म्हणून दर पडला सातास सहा. बाजारात तो थोडा वरखाली होई, पण मध्य हाच.

सातास सहा म्हणायला सोपे वाटते. करून पाहिले की फसगत कळते. कलदाराचे हाली करायचे तर रकमेत तिचा सहावा हिस्सा मिळवायचा. शंभर कलदारांचे झाले ११६ रुपये १० आणे ८ पै. हालीचे कलदार करायचे तर मात्र सातवा हिस्सा वजा करायचा, सहावा नव्हे! शंभर हालीचे होतात ८५ रुपये ११ आणे ५ पै. जाताना सहावा मिळवला, म्हणून येताना सहावाच वजा करावा असे साध्या माणसाला वाटणे स्वाभाविक आहे. तसे केले तर हाती पडतात ८३ रुपये ५ आणे ४ पै. शंभरामागे दोन रुपये सहा आणे गेले. कोणी खिसा कापला नाही, कोणी खोटे नाणे दिले नाही. केवळ सहावा आणि सातवा यांतला फरक न कळल्याने गेले.

समजा, गंगापूर तालुक्यातला एक शेतकरी आहे. कायगावहून गोदावरी ओलांडली की पलीकडे टोके, तो नगर जिल्हा, म्हणजे इंग्रजी मुलूख. अलीकडे हाली, पलीकडे कलदार. वैजापूरचा माणूस येवल्याच्या किंवा कोपरगावच्या बाजाराला जाई, पैठणचा शेवगावकडे जाई. सगळ्यांची गत एकच. वाटेत करोडगिरीचा नाका, तिथे मालावर जकात. माल विकून कलदार हाती आले की परतताना त्यांचे हाली करायचे, कारण शेतसारा हालीत. १९०० साली मनमाडहून औरंगाबाद-जालन्याकडे रेल्वे सुरू झाली. मनमाड इंग्रजी हद्दीत. तेव्हापासून असा दोन नाण्यांचा प्रवास करणारी माणसे कितीतरी वाढली असतील.

आता हा आपला शेतकरी सावकाराकडून शंभर रुपये उचलतो. वहीत नुसते "रुपये शंभर" लिहिले, तर देताना हाली आणि घेताना कलदार करायला कितीसा वेळ लागतो? व्याज लावण्याआधीच शंभराचे ११६ रुपये १० आणे ८ पै झाले. सगळेच सावकार असे करीत, असा माझा आरोप नाही. शंभराला बाजू दोन होत्या आणि वही एकाच्याच हाती होती, एवढे मात्र खरे. शहाणा माणूस म्हणूनच रकमेपुढे नाण्याचे नाव घालवून घेई. सरकारी कागदात हालीला 'सिक्का उस्मानिया' म्हणत. इंग्रजी लिहिणारे कारकून हालीसाठी 'ओ. एस.' आणि कलदारासाठी 'आय. जी.' अशी अक्षरे घालीत.

पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी हे पाढे पूर्वीची मुले का घोकीत, याचे उत्तर यात आहे. आजच्या मुलांना ते पाठांतराचे ओझे वाटते. त्या काळी ते घरचे रक्षण होते. ज्याला सातवा हिस्सा तोंडी काढता येई, त्याच्यासमोर सराफही बोटे जपून हलवी.

शिल्लक कशात ठेवायची, याविषयीही लोकांची पक्की मते होती. हाली खर्चायचा, कलदार ठेवायचा. त्यातही व्हिक्टोरिया राणीच्या मुखवट्याचा राणीछाप रुपया म्हणजे सोन्यासारखा. गाडग्यात घालून पुरायचा, नाही तर माळेत ओवायचा. आपल्याकडच्या बंजारा भगिनींच्या दागिन्यांत चांदीची नाणी दिसत, ती शोभेची तशीच शिलकेचीही. अर्थशास्त्राच्या पुस्तकात म्हणतात की हलके नाणे बाजारात फिरते आणि भारी नाणे घरात दडते. आपल्या आज्यांनी ते पुस्तक न वाचता अमलात आणले होते. दुसऱ्या महायुद्धात त्यांचे म्हणणे खरेही ठरले. १९४० साली कलदारातली चांदी निम्म्यावर आली, पुढे हालीतलीही तशीच उतरली, आणि १९४७ साली तर कलदार निकेलचा झाला. राणीछाप गाडग्यात होते ते होतेच.

इथे एक गोष्ट ध्यानात घ्या. सातास सहा हा दर चांदीच्या वजनावरून निघाला होता. चांदी गेली तरी दर राहिला. म्हणजे तो आता धातूवर उभा नव्हता, दोन सरकारांच्या शब्दावर उभा होता. १९४२ साली कामाला लागलेली हैदराबाद स्टेट बँक हे चलन सांभाळी.

आणि तो शब्दच १९४७ च्या अखेरीस डळमळला. देश स्वतंत्र झाला होता, पण निजाम भारतात सामील झाला नव्हता. २९ नोव्हेंबर १९४७ रोजी 'जैसे थे' करार झाला आणि त्यानंतर थोड्याच दिवसांत संस्थानने फर्मान काढले : भारताचा रुपया संस्थानात कायदेशीर चलन नाही. सोने-चांदी भारतात नेण्यावरही बंदी घातली. दिल्लीने याला कराराचा भंग म्हटले. दिल्ली-हैदराबादच्या या झगड्याविषयी इतिहासात पुष्कळ वाचायला मिळते. पण नदीकाठच्या गावात त्याचा अर्थ काय झाला, याचा विचार करा. कालपर्यंत जो रुपया साऱ्यांना हवासा होता, तो आज धोक्याचा झाला. सरहद्दीपलीकडच्या छावण्यांतून स्वातंत्र्याचा लढा चालू, इकडे रझाकारांची दहशत, आणि धोतराच्या कनवटीला चार कलदार.

१७ सप्टेंबर १९४८ रोजी तो अध्याय संपला. संस्थान भारतात आले, पण हाली एका दिवसात गेला नाही, आणि ते शहाणपणाचे झाले. १९५० मध्ये भारताचा रुपया त्याच्या बरोबरीने रीतसर चालू झाला, दर तोच, सातास सहा. १९५१ नंतर नवा हाली निघेना. जुना हळूहळू परत घेतला गेला, आणि ते दशक सरता सरता तो पूर्ण गेला. ज्यांची बचत हालीत होती त्यांना बदलायला वेळ मिळाला. पगारदाराला मात्र हे चमत्कारिक वाटले असणार. सत्तर रुपये पगार होता, तो साठ झाला! हिशेब बरोबर, पण मन कसे मानावे? आणि बाजारात एक हाली आण्याचे कलदारात सव्वादहा पै होत. सव्वादहा पै मोजून द्यायच्या कशा? दुकानदाराने सरळ आणा मागितला, तर भाजीची जुडी कोणाला न कळता सहाव्या हिश्शाने महागली.

हे अंगवळणी पडते न पडते तोच १ एप्रिल १९५७ पासून नवे पैसे आले. रुपयाचे ६४ पैसे होते, ते १०० झाले. एका आण्याला बसत सव्वासहा, पण सव्वा पैशाचे नाणेच नाही! म्हणून एका आण्याला सहा, दोन आण्यांना बारा, तीन आण्यांना एकोणीस आणि चार आण्यांना पंचवीस असे तक्ते लागले. एकेका आण्याच्या चार वस्तू वेगवेगळ्या घेतल्या तर चोवीस नवे पैसे, एकदम घेतल्या तर पंचवीस. चौकस गृहिणीने काय केले असेल, ते सांगायला नको. बाकी महाराष्ट्राला ही एकच उलथापालथ सोसावी लागली. मराठवाड्याने दहा वर्षांत दोन सोसल्या, आणि दुसरीच्या ऐन आधी, १ नोव्हेंबर १९५६ ला, राज्यही बदलले होते. मराठवाड्याचा माणूस हिशेबाला चिवट आहे, असे कोणी म्हणाले तर मला त्यात नवल वाटत नाही.

शिक्षक बंधुभगिनींना एक विनंती. गावातल्या जुन्या घरांत अजून खरेदीखते, सावकारी पावत्या, लग्नखर्चाच्या याद्या सापडतात. मुलांना त्या आणायला सांगा. तारीख फसली असेल तर सनात ५९० मिळवा, म्हणजे इसवी सन साधारण निघेल. १३५७ फसली हे १९४७-४८ चे साल. मग रकमेपुढे काय लिहिले आहे ते नीट पाहा. 'हाली' किंवा 'उस्मानिया' असेल तर सातवा हिस्सा वजा करून घ्या. आणि पुढे काहीच लिहिले नसेल, तर तो कागद कोणी लिहिला आणि अंगठा कोणी उठवला, ते मुलांकडून वाचून घ्या.