दुसऱ्याच्या युद्धातली लेकरं



लढाईची गोष्ट निघाली की आपण विचारतो, कोण जिंकलं आणि कोण हरलं. आज आपण वेगळा प्रश्न विचारू या. लढायला गेलेली मुलं कोणाच्या घरची होती?

ही गोष्ट आहे फ्रान्सनं व्हिएतनाममध्ये लढलेल्या युद्धाची. आपल्यावर जसं इंग्रजांचं राज्य होतं, तसं व्हिएतनाम, लाओस आणि कंबोडियावर फ्रान्सचं होतं. या मुलखाला ते इंडोचायना म्हणायचे. तिथला तांदूळ, रबर, कोळसा यांवर फ्रेंच कंपन्यांची कमाई चालायची. दुसऱ्या महायुद्धात तिथे जपानी सैन्य शिरलं. जपान हरल्यावर २ सप्टेंबर १९४५ रोजी हो ची मिन्ह यांनी हनोई शहरात देशाचं स्वातंत्र्य जाहीर केलं. फ्रान्सला ते मान्य नव्हतं. १९४६च्या डिसेंबरात उघड युद्ध पेटलं आणि १९५४पर्यंत चाललं.

आता फ्रान्सची अडचण समजून घ्या. महायुद्धानं तो देश थकला होता. सक्तीनं सैन्यात घेतलेली पोरं इतक्या लांब मरायला पाठवली असती, तर घराघरांतून आयांनी जाब विचारला असता. म्हणून सरकारनं ती पोरं पाठवलीच नाहीत. पगारी फ्रेंच सैनिक गेले. पण त्यांच्या जोडीला मोरोक्को, अल्जीरिया आणि पश्चिम आफ्रिकेतले गरीब तरुण नेले. खुद्द व्हिएतनामी तरुणही फ्रान्सच्या बाजूनं भरती केले. आणि पाठवली फॉरेन लीजन, म्हणजे परदेशी माणसांची पलटण.

ही पलटण जुनी आहे. १८३१ साली फ्रान्सच्या राजानं ती उभी केली. परदेशी माणसं घ्यायची आणि फ्रान्सच्या बाहेर लढवायची, हा तिचा हेतू. तेव्हा फ्रान्स अल्जीरिया जिंकत होता, तिथेच या पलटणीचं ठाणं झालं. भरती होताना पाच वर्षांचा करार करायचा. खरं नाव सांगायची सक्ती नव्हती. मागचं आयुष्य फारसं कोणी खोदून विचारत नसे. ‘पलटण हाच आपला देश’ असं तिथे शिकवलं जाई.

१९४५ नंतर या पलटणीत कोण आलं? सगळ्यांत मोठा वाटा जर्मन तरुणांचा होता. हरलेल्या देशाचे हे सैनिक फ्रान्सच्या कैदी छावण्यांत होते. कित्येकांची घरं बॉम्बनं पडली होती, कित्येकांची गावं दुसऱ्या देशात गेली होती. छावणीत उपाशी राहायचं की करारावर सही करायची, एवढंच पुढ्यात होतं. स्पेनमधून परागंदा झालेले होते, पोलंड, हंगेरी, इटलीचे होते. हिटलरच्या फौजेत केलेली पापं लपवायला आलेलेही काही होते. कागदावर सगळेच स्वखुशीचे. पण ज्याच्यापुढे दुसरी वाट नाही, त्याच्या खुशीला किती खुशी म्हणायचं, हे आपल्याला कोणी शिकवायला नको.

त्यांची कीव करताना दुसरी बाजू मात्र विसरायची नाही. फ्रान्सच्या फौजांनी व्हिएतनाममध्ये गावं जाळली, बायकांवर अत्याचार केले. त्यात ही पलटणही होती. गरिबीनं माणूस बंदूक धरायला गेला, म्हणून त्याच्या गोळीनं मेलेल्याचं दुःख कमी होत नाही.

काहींनी वाट बदलली. एर्विन बोर्खर्स हा हिटलरच्या विरोधातला जर्मन. तो या पलटणीतून व्हिएतनामला पोचला आणि १९४५ मध्ये पलटण सोडून हो ची मिन्ह यांच्या बाजूला गेला. तिथून तो आपल्याच जुन्या साथीदारांना सांगू लागला, ही लढाई तुमची नाही.

शेवटची मोठी लढाई दिएन बिएन फू नावाच्या खोऱ्यात झाली. फ्रेंचांनी तिथल्या ठाण्यांना बायकांची नावं दिली होती, बेआत्रीस, गॅब्रिएल, इझाबेल अशी. १३ मार्च १९५४ रोजी हल्ला सुरू झाला. बेआत्रीसवर फॉरेन लीजनची तुकडी होती. ते ठाणं पहिल्याच रात्री पडलं. गॅब्रिएलवर अल्जीरियाची पोरं होती, तेही दोन दिवसांत गेलं. वेढा ५६ दिवस चालला.

व्हिएतनामच्या सैन्याला तांदूळ आणि दारूगोळा पोचवणारी माणसं साधी गावकरी होती. व्हिएतनामच्या नोंदीप्रमाणे ती अडीच लाखांहून जास्त होती, आणि त्यांत बायका फार मोठ्या संख्येनं होत्या. खांद्यावर कावड घेऊन त्या रात्रीच्या डोंगर चढायच्या. हजारो सायकलींवर दोन-दोन क्विंटल ओझं लादून माणसं त्या ढकलत न्यायची.

वेढ्यात अडकलेल्या फ्रेंच छावणीत जेनेव्हिएव्ह द गालार नावाची परिचारिका होती. तिनं जखमींची सेवा केली आणि तिचं नाव जगभर झालं. पण तिथे आणखी बायका होत्या. लष्करानं आपल्या सैनिकांसाठी अल्जीरियन आणि व्हिएतनामी बायका धंद्याला आणून ठेवल्या होत्या. त्यांनीही जखमींना पाणी पाजलं, मलमपट्टी केली. त्यांची नावं कोणी लक्षात ठेवली नाहीत.

७ मे रोजी छावणी पडली. दहा हजारांवर सैनिक कैद झाले. भूक, रोग आणि लांबच्या पायपिटीनं त्यांतले निम्म्याहून कमीच परत आले. सगळ्या युद्धात फॉरेन लीजनचे दहा हजारांहून जास्त लोक मेले. व्हिएतनामी माणसं तर लाखांनी गेली.

मैत्रिणींनो, हे युद्ध आठ वर्षं का चाललं, याचं एक उत्तर इथे आहे. शेवटीशेवटी खर्चाचा मोठा भाग अमेरिका देत होती. मरणाऱ्यांत परक्या घरचे फार होते. मग पॅरिसच्या मतदाराला झळ किती लागणार? तरी काही जणींनी ती ओळखली. १९५० साली रेमाँद दिएन नावाची वीस वर्षांची मुलगी युद्धसामान नेणाऱ्या रेल्वेगाडीपुढे रुळांवर आडवी झाली. तिला वर्षाची शिक्षा झाली.

आपला देशही यापासून लांब नव्हता. १९४५ मध्ये सायगाव शहरात इंग्रजांनी आपले हिंदी सैनिक उतरवले आणि फ्रेंचांना परत बसायला मदत केली. आपण स्वतःच गुलाम, आणि दुसऱ्याच्या गुलामीला आपली पोरं जुंपली. नेहरूंनी त्यावर तेव्हाच जाहीर निषेध केला होता. पुढे १९५४ मध्ये शांततेचा करार झाला, तेव्हा त्यावर देखरेख करणाऱ्या आयोगाचं अध्यक्षपद स्वतंत्र भारताकडे आलं.

ही गोष्ट जुनी झाली असं समजू नका. अलीकडेच नोकरीच्या आमिषानं रशियाला गेलेली आपल्या देशातली काही मुलं तिथल्या सैन्यात अडकली, युक्रेनच्या लढाईत काही जण मेले. म्हणून आपल्या गटात हे बोला. मुलगा परदेशी कामाला निघाला, तर एजंटची परराष्ट्र मंत्रालयाकडे नोंदणी आहे का ते बघा. करार कळत नसलेल्या भाषेत असेल, तर तो वाचून घेतल्याशिवाय सही करू देऊ नका. काम काय, कुठे, किती दिवसांचं, आणि सोडून यायचं झालं तर येता येईल का, हे चार प्रश्न आईनं, बायकोनं, बहिणीनं विचारायचेच.

आणि कुठल्याही लढाईच्या बातमीत जिंकलं कोण हे ऐकलंत, की पुढचा प्रश्नही विचारा. मेलेली लेकरं कोणाची होती?