सोमवारची धाप

मुंबईच्या गिरणीकामगारांचा इतिहास सांगावयाचा म्हणजे आपण संपांच्या तारखा सांगतो. मला आज त्यांच्या श्वासाचा इतिहास सांगावयाचा आहे, आणि तो तारखांत सहजी सापडत नाही.

१८५४ साली कावसजी दावर यांनी ताडदेवच्या कापडगिरणीचा उद्योग आरंभिला. पुढे तीस वर्षांनी, १८८४ साली, नारायण मेघाजी लोखंडे यांनी परळच्या सभेत कामगारांचा अर्ज सिद्ध केला. त्यावर साडेपाच हजार सह्या पडल्या. रविवारची सुटी, दुपारची अर्ध्या तासाची विश्रांती, वेळेवर पगार, ह्या मागण्या आपणांस ठाऊक आहेतच. पण आणखीही एक मागणी तीत होती. कामावर जबर दुखापत झालेल्यास बरा होईपर्यंत पूर्ण पगार मिळावा, आणि तो जन्माचा अधू झाल्यास त्याच्या पोटापाण्याची तरतूद व्हावी! त्या काळी हे मागणे म्हणजे मोठीच छाती. परंतु पट्ट्यात सापडलेला हात चारचौघांना दिसतो. आतून निकामी झालेली छाती कोणाला दिसणार?

रविवारची सुटी १८९० च्या जूनमध्ये मिळाली. आणि दैवाची थट्टा अशी, की ह्या रोगाची खूण पटते ती सुटीमुळेच. कापसाची गाठ फोडून ब्लोरूममध्ये कापूस मोकळा करतात, मग कार्डिंग खात्यात तो विंचरला जातो. तंतूंबरोबर वाळल्या पानांचा चुरा आणि त्यावरील जंतूंचे विष हवेत उडते. एक दिवस घरी राहून आलेल्या कामगाराची छाती सोमवारी काही तासांतच आवळल्यासारखी होते, धाप लागते. मंगळवारी बरे वाटते. वर्षे लोटतात तसा मंगळवारही सोमवारासारखा होतो, मग बुधवार. आणि अखेरीस रविवारीही दम सुटत नाही. डॉक्टर ह्याला बिसिनोसिस म्हणतात.

लँकेशायरच्या कामगारांना हा सोमवार चांगला परिचयाचा होता. मँचेस्टरच्या डॉ. के यांनी सूत कातणाऱ्यांच्या छातीच्या विकाराबद्दल १८३१ सालीच लिहिले. भरपाईचा कायदा झाला १९४० साली! तोही फक्त पुरुषांसाठी, वीस वर्षे धुळीत काढलेल्या आणि पुरते निकामी झालेल्यांसाठी. कार्डिंग खात्यात बायका काही थोड्या नव्हत्या; त्यांच्या फुप्फुसांना बहुधा निराळी हवा लागत असावी. पुढे १९५० नंतर डॉ. रिचर्ड शिलिंग यांनी कामगारांना साधा प्रश्न विचारला: छाती कोणत्या वारी आवळते? उत्तरांवरून त्यांनी रोगाच्या पायऱ्या ठरविल्या. कामगाराच्या तोंडच्या शब्दाला त्यांनी पुरावा मानले, ही माझ्या मते त्यांची सर्वांत मोठी कामगिरी.

आपल्याकडे डॉ. एस. आर. कामत आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुंबईच्या गिरणीकामगारांची पाच वर्षे तपासणी करून १९८१ साली निष्कर्ष छापले. हा रोग आणि फुप्फुसाचा इतर जुनाट रोग यांतला फरक कसा ओळखावा, हाच त्यांचा विषय होता. तो फरक पुस्तकी नव्हे. दगडाच्या धुळीने होणारा सिलिकोसिस क्ष-किरणांच्या फिल्मवर उमटतो. कापसाच्या धुळीचा रोग तशी स्वतःची खूण ठेवीत नाही. आणि शेवटच्या पायरीवर तो विडीच्या धुराने झालेल्या रोगासारखाच दिसतो.

एका म्हाताऱ्या कार्डिंगवाल्याबरोबर मी भरपाईच्या टेबलापुढे बसलो आहे. पहिला प्रश्न आला, ‘बाबा, दिवसाला विड्या किती?’ विडी वाईट, ह्यात मला वाद घालावयाचा नाही. विडी आणि धूळ एकत्र आल्या की नुकसान अधिक. जन्मभर चुलीपुढे फुंकणी फुंकणाऱ्या बाईलाही विडी न ओढता हीच धाप लागते. पण विडी मोजली म्हणून धूळ मोजण्यातून सुटका कशी होते? त्या टेबलावर वार कोणीच विचारला नाही.

१८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपानंतर गिरण्या एकेक करून बंद पडल्या. हजेरीपट गेले, खाती पाडली गेली, आणि कोण कोठे किती वर्षे राबला ह्याचा कागदही त्याबरोबर गेला. अडलेला श्वास मात्र चाळीतच राहिला.

कापूस आजही विदर्भ-खानदेशात जिनिंगमध्ये फुटतोच. तेथील मजुरांचे अर्ज भरताना मी एक रकाना वाढविला आहे: सुटीनंतरच्या पहिल्या दिवशी छाती भरते का? गेल्या हंगामात एका बाईने मलाच उलट विचारले, ‘दादा, सुटी कुठं असते इथं?’ तो रकाना मी तसाच कोरा ठेवला आणि शेजारी तिचे वाक्य लिहून घेतले.