नातेपुत्यात बातमी कशी फिरायची

स्मरणिका समितीचा निरोप आला, "तू गावाच्या इतिहासावर लिही." लढाया, सनदा, शिलालेख यांवर लिहिण्याचा माझा अधिकार नाही. पण आपल्या पिढीनं स्वतः जगलेला एक इतिहास अजून कुणी लिहिलेला नाही. काय ऐकावं, कुठं खावं आणि कुठल्या कार्यक्रमाला जावं, हे आपल्याला कळायचं कसं?

आमची तुकडी १९८४ सालची दहावीची. बहुतेकांच्या घरी फोन नव्हता आणि वर्तमानपत्र चहाच्या हॉटेलात दहा हातांतून फिरून यायचं. तरी बातमी चुकायची नाही. सरकारी सूचना किंवा गावकीचा निरोप असला, की कोतवाल हलगी वाजवत दवंडी द्यायचा. १९५८ च्या कायद्यानं महार-रामोशांची कनिष्ठ गावकामगार वतनं गेली आणि कोतवाल पगारी झाला, पण दवंडी बरीच वर्षं टिकली. जेवणावळीचं आवतणही अनेकदा त्याच हलगीवरून मिळायचं. ते देणाऱ्याची पंगत मात्र शेवटची असायची, हेही या इतिहासात लिहून ठेवलं पाहिजे.

करमणुकीची बातमी भोंग्यातून यायची. फिरता तंबू-सिनेमा आला, की गाडीला दोन्ही बाजूंनी पोस्टर बांधून, रंगीत कागदाच्या जाहिराती उडवत ती गल्लोगल्ली फिरायची. आपण तिच्यामागं धावायचो. संध्याकाळी तंबूवरच्या भोंग्यावर गाणी सुरू झाली, की खेळाला वेळ आहे हे कळायचं आणि गाणी थांबली, की पळत सुटायचं. 'सोंगाड्या' आणि 'पिंजरा' हे १९७१ आणि १९७२ सालचे सिनेमे. आपल्याकडच्या तंबूत ते कितीतरी वर्षांनीही नव्यासारखेच चालायचे. आत मधोमध कनात असायची, एका बाजूला पुरुष आणि दुसऱ्या बाजूला बायका.

गाण्यांची शिफारस रेडिओ करायचा. १९५२ पासून रेडिओ सिलोनवर अमीन सायानींची गीतमाला सुरू होती. बुधवारी रात्री आठ वाजता पानाच्या दुकानापुढं गर्दी व्हायची आणि गुरुवारी मधल्या सुट्टीत कुठलं गाणं वर गेलं यावर भांडणं.

खरी देवघेव शाळेतच व्हायची. मांडवे, दहिगाव, पिरळे, फोंडशिरस, मोरोची, धर्मपुरीकडची पोरं सायकलीवरून किंवा पायी यायची आणि प्रत्येकजण आपल्या गावची खबर आणायचा. कुणाच्या जत्रेत कुठला फड येणार, ढोलकीवर कोण आहे, कुस्त्यांचा फड कितीचा, हे आधी वर्गात कळायचं. दसऱ्यापासून उन्हाळ्यातल्या जत्रा संपेपर्यंत तमाशाचे फड गावोगाव फिरायचे. नारायणगावला राहुट्या लागायच्या आणि गावचे पंच तिथं जाऊन सुपारी द्यायचे. ते परत यायच्या आत फडाचं नाव आपल्या शेवटच्या बाकावर पोचलेलं असायचं. पुढं १९९३ पासून शेजारच्या अकलूजला राज्यस्तरीय लावणी स्पर्धा सुरू झाली आणि लावणीची चर्चा उजळ माथ्यानं होऊ लागली. आपल्या वेळी ती दबक्या आवाजातच होती.

खाण्याच्या बातमीला वेगळी कसोटी होती. बाजारात भजी कुठं खायची, तर ज्या कढईतलं तेल आजचं आहे तिथं. जिलेबी गरम घ्यायची, गोडीशेव मात्र जत्रेच्या दुसऱ्या दिवशी, कारण तेव्हा भाव उतरतो. थंडीत ज्वारी हुरड्याला आली, की गूळभेंडीचं रान कुणाचं आहे आणि आगटी कधी पेटणार याची चौकशी सुरू व्हायची. हुरड्याबरोबर शेंगाचटणी घरून कोण आणणार, हेही आधीच ठरायचं. चैत्रात शिखर शिंगणापूरच्या वाटेनं कावडी निघाल्या, की मुंगी घाटात सासवडची मानाची कावड कधी चढणार, ती दिसायला कुठल्या खडकावर बसायचं, हे मोठी पोरं लहान्यांना सांगायची.

या सगळ्यात एक प्रश्न ठरलेला असायचा, "कुणी सांगितलं?" सांगणाऱ्याचं नाव कळल्याशिवाय बातमीला किंमत नव्हती. ज्याच्या सांगण्यावरून आपण शिळी भजी खाल्ली, त्याचं पुढं वर्षभर कुणी ऐकत नसे.

माझं नाव एका बाबतीत पक्कं होतं. आषाढी एकादशीच्या पाच-सहा दिवस आधी माउलींची पालखी बरडहून निघून, धर्मपुरीपाशी सोलापूर जिल्ह्यात शिरून आपल्याकडं मुक्कामाला येते. त्या रात्री कुठल्या दिंडीत भारूड ऐकायचं, कुणाचा पखवाज चांगला, कुणाचा गळा बसलाय, हे मी सांगायचो आणि ते खरं निघायचं. आमचे मराठीचे सरही एकदा मला विचारून गेले होते. बाकी सोहळ्याची बातमी समाजआरतीतच मिळे. चोपदार दंड उंचावतात आणि हजारो टाळ एकदम थांबतात. मग हरवल्या-सापडल्या वस्तू आणि उद्याची निघण्याची वेळ सांगतात. ज्या दिंडीची तक्रार असेल, ती तेवढे टाळ वाजवत राहते. एवढ्या मोठ्या समाजाला एका शब्दात गप्प करून प्रत्येकाची तक्रार ऐकणारी ही व्यवस्था हैबतबाबा आरफळकरांनी सोहळ्याला लावलेल्या शिस्तीतली आहे, असं मानतात.

इथपर्यंतचा मजकूर मी वर्गातल्या मित्रमैत्रिणींना वाचायला पाठवला. पोरांनी वाहवा केली. एका मैत्रिणीनं एवढंच विचारलं, "छान आहे. पण यात आम्ही कुठं आहोत?"

मी गडबडलो. ती म्हणाली, "पारावर, पानाच्या दुकानापुढं, शेवटच्या बाकावर आम्ही कधी होतो? आम्हाला बातम्या कासारणीकडून, कॅनॉलवर धुणं धुताना आणि शेवया वळताना मिळायच्या. मी सिनेमाची गोष्ट वर्गात रंगवून सांगायचे ना? तो सिनेमा मी पाहिलेलाच नव्हता. भावाकडून ऐकला होता."

मग मला कबूल करावं लागलं, की दिंड्यांची माझी माहितीही माझी नव्हती. दरवर्षी आमच्या घरी एक दिंडी उतरायची. माझी थोरली बहीण, तीही याच शाळेची, पहाटे तीनपासून आईबरोबर चुलीपुढं भाकरी थापायची. कोण कसं गातं, कुणाच्या पखवाजाची शाई सैल झालीय, हे ती भिंतीआडून ऐकायची. वाढताना वारकऱ्यांना विचारून दुसऱ्या दिंड्यांचीही माहिती काढायची आणि मला सांगायची. मी ती वर्गात आपल्या नावावर खपवली. "कुणी सांगितलं?" असं मला विचारलं, की मी नुसता हसायचो.

परवा ताईला फोन करून हे सांगितलं. ती रागावली नाही. म्हणाली, "मला ठाऊक होतं रे. पण इतक्या वर्षांत समोर बसून भारूड काही ऐकायला मिळालं नाही. चूल सुटली, की झोप यायची."

म्हणून माझ्या वर्गमैत्रिणींना एक विनंती. तुमच्या बाजूचा इतिहास तुम्ही लिहा, पुढच्या अंकाची वाट बघू नका. आणि स्नेहमेळाव्याच्या संध्याकाळी आपण भजन-भारूड ठेवलंच आहे. समितीला मी सांगितलंय, त्या दिवशी जेवण आणि वाढप आम्ही पोरं बघू. ताईसुद्धा माजी विद्यार्थिनी म्हणून येणार आहे. पहिल्या रांगेत पखवाजाच्या बाजूची जागा तिच्यासाठी धरून ठेवा. तिथून सगळ्यात चांगलं ऐकू येतं, हे तिनंच मला सांगितलं होतं.