डोक्यामागचे मर्यादित भांडवल : पुन्हा कराव्या लागणाऱ्या केशरोपणाचा इतिहास

केशरोपण म्हणजे डोक्याच्या मागील व बाजूच्या भागातील केस मुळांसकट काढून ते टक्कल पडलेल्या जागी बसवण्याची शस्त्रक्रिया होय. ज्या भागातून केस घेतले जातात त्याला दाता-भाग, जिथे ते बसवले जातात त्याला ग्राहक-भाग आणि बसवल्या जाणाऱ्या केसाळ त्वचेच्या तुकड्याला कलम, म्हणजेच दवाखान्यातील रोजच्या बोलीत ‘ग्राफ्ट’, असे म्हणतात. या शस्त्रक्रियेचा इतिहास बहुधा उपकरणांच्या आणि शोधकांच्या क्रमाने सांगितला जातो. परंतु उपकरणे का बदलत गेली याचे उत्तर हवे असेल, तर एकदा शस्त्रक्रिया करवून घेतल्यावर काही वर्षांनी त्याच कारणासाठी पुन्हा शल्यचिकित्सकासमोर येणाऱ्या रुग्णाचा विचार करावा लागतो, कारण आधीच्या तंत्राचे दोष त्याच्याच डोक्यावर सर्वांत स्पष्ट दिसतात.

त्वचा एका जागेवरून दुसऱ्या जागी नेण्याच्या विद्येचा एक सुप्रसिद्ध आधुनिक दाखला पुण्याचा आहे. टिपू सुलतानाविरुद्धच्या युद्धात इंग्रजी फौजेबरोबर बैल हाकणारा कावसजी नावाचा माणूस टिपूच्या सैन्याच्या हाती सापडला, तेव्हा त्याचे नाक व एक हात कापण्यात आला, आणि पुढे पुण्याजवळ कुंभार जातीतील एका कारागिराने त्याच्या कपाळाच्या त्वचेपासून त्याला नवे नाक करून दिले. मुंबई इलाख्यातील इंग्रज वैद्यकीय अधिकाऱ्यांनी पाहिलेल्या या शस्त्रक्रियेचे वर्णन ऑक्टोबर १७९४ मध्ये लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’मध्ये छापले गेले आणि ते वाचून जोसेफ कार्प्यू याने १८१४ मध्ये इंग्लंडात तसाच प्रयोग यशस्वी केला. या पद्धतीत कपाळावरचा पट्टा भुवयांमधल्या एका अरुंद देठाने जोडलेलाच ठेवून खाली वळवला जाई, त्या देठातून त्याला रक्त मिळत राही आणि नवी त्वचा नाकाच्या जागी रुजल्यावर, सुमारे पंचवीस दिवसांनी, देठ कापला जाई. म्हणजे दुसरी शस्त्रक्रिया हा येथे पहिलीच्याच आखणीचा भाग होता.

कपाळाच्या पट्ट्याने शल्यचिकित्सकांना आणखी एक गोष्ट दाखवून दिली. कपाळ लहान असलेल्या माणसात पट्टा केसांच्या रेषेपलीकडून घ्यावा लागला, तर नव्या नाकावर डोक्याचे केस वाढू लागतात. केस कुठे बसवला यापेक्षा तो कुठून आणला यावर त्याचे आयुष्य ठरते, हा केशरोपणाचा पाया असलेला नियम या गैरसोयीच्या रूपाने अगोदरच दिसत होता. मात्र त्याचा टकलाशी संबंध जोडला जायला बराच काळ जावा लागला. जर्मन शल्यचिकित्सक योहान डीफेनबाख याने १८२२ च्या आपल्या प्रबंधात स्वतःच्या दंडात सहा केस रोवल्याचे आणि त्यांपैकी दोन रुजल्याचे नोंदवले, तर जपानमधील त्वचारोगतज्ज्ञ शोजी ओकुदा यांनी १९३९ मध्ये गोल पोकळ पात्यांनी काढलेल्या केसाळ त्वचेच्या चकत्या भाजल्याच्या व्रणांवर, भुवयांवर व इतर केसहीन जागांवर बसवण्याची पद्धत प्रसिद्ध केली. महायुद्धामुळे हे काम पश्चिमेत जवळजवळ अज्ञात राहिले. ओकुदांचे बरेचसे रुग्ण व्रण आणि केसहीनता असलेले होते, आणि वयानुसार पडणारे टक्कल तेव्हा या शस्त्रक्रियेचे मुख्य क्षेत्र नव्हते, हे लक्षात घेण्यासारखे आहे.

मराठी समाजात तर टकलावर शस्त्रक्रिया करून घेण्याची गरज भासावी अशी परिस्थिती एकोणिसाव्या शतकाच्या बऱ्याच काळापर्यंत नव्हती. डोक्याचा मोठा भाग वस्तऱ्याने साफ करून शेंडी किंवा घेरा राखण्याची पद्धत अनेक जातींत रूढ होती, आणि चारचौघांत वावरताना पगडी, पागोटे किंवा फेटा डोक्यावर असे. अशा वेळी नाहीसे झालेले केस आणि वस्तऱ्याने काढलेले केस यांत पाहणाऱ्याला फारसा फरक दिसत नसे. पगडीची जागा टोपीने घेतली, पुढे टोपीही गेली, आणि कचेरीत, महाविद्यालयात व छायाचित्रात उघडे डोके हेच पुरुषाचे रूप ठरले, तेव्हा टक्कल ही एक वेगळी सामाजिक अडचण म्हणून पुढे आली. शस्त्रक्रियेची मागणी या बदलाच्या मागोमाग वाढत गेली.

टकलाचे शास्त्रीय कारणही त्याच सुमारास स्पष्ट होत होते. अमेरिकन शरीररचनातज्ज्ञ जेम्स हॅमिल्टन यांनी १९४२ मध्ये दाखवले की पुरुष-संप्रेरके आणि आनुवंशिक कल यांच्या संयोगातून पुरुषी टक्कल पडते. पौगंडापूर्वीच वृषण काढलेल्या पुरुषांना ते पडत नाही. न्यूयॉर्कचे त्वचारोगतज्ज्ञ नॉर्मन ओरेंट्राइक यांनी १९५२ मध्ये अशा टकलावर केशरोपण केले आणि १९५९ च्या निबंधात ‘दाता-प्रभुत्व’ ही संकल्पना मांडली : मागच्या भागातील केस संप्रेरकांच्या परिणामाला जुमानत नाहीत आणि पुढे नेल्यावरही आपला हा गुण टिकवून ठेवतात. त्यांच्या कलमाचा व्यास सुमारे चार मिलिमीटर असे व प्रत्येकात दहा-वीस केस असत. दोन कलमांमध्ये रक्तपुरवठ्यासाठी जागा सोडावी लागत असल्याने मोकळ्या राहिलेल्या जागा पुढच्या बैठकींत भरल्या जात, म्हणून एकाच भागावर तीन-चार बैठका होणे हे नियमित मानले जाई.

ही योजना ज्यांच्या बाबतीत मध्येच थांबली, किंवा पूर्ण होऊनही पुरेशी ठरली नाही, त्यांच्या डोक्यावर गोल गुच्छांच्या ओळी कायमच्या दिसत राहिल्या. शिवाय टक्कल हा थांबलेला विकार नसतो; रोवलेले केस टिकतात, पण त्यांच्या मागचे मूळचे केस गळत राहतात, आणि वीस-पंचविसाव्या वर्षी पुढे बसवलेली रेषा चाळिशीत एका सुट्या पट्ट्यासारखी उरते. सत्तरच्या दशकात टक्कल पडलेली त्वचाच कापून कडा जोडणारी शस्त्रक्रिया आणि अर्जेंटिनाचे होसे जुरी यांनी १९७५ मध्ये मांडलेला केसाळ त्वचेचा मोठा पट्टा वळवण्याचा प्रकार हे पर्याय पुढे आले; परंतु त्वचेच्या ताणामुळे व्रण रुंद होणे किंवा वळवलेल्या पट्ट्यातील केसांची दिशा अनैसर्गिक दिसणे यांमुळे दुरुस्तीसाठी येणारे आणखी रुग्ण तयार झाले.

मध्य भारतात त्वचारोपणाच्या विद्येचे संस्थात्मक केंद्र नागपूर होते. भिलाई व जामुल ज्या दुर्ग जिल्ह्यात आहेत, तोही १९५६ पर्यंत नागपूर राजधानी असलेल्या प्रांतात होता. नागपूरचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय १९४७ चे, आणि डॉ. सी. बालकृष्णन यांच्या नेतृत्वाखाली १९५८ मध्ये सुरू झालेला प्लास्टिक सर्जरीचा विभाग देशातील या विषयाचा पहिला स्वतंत्र विभाग मानला जातो. पुढच्याच वर्षी, ४ फेब्रुवारी १९५९ रोजी, सोव्हिएत साहाय्याने उभारलेल्या भिलाई पोलाद कारखान्याची पहिली झोतभट्टी पेटली, आणि शेजारच्या जामुल येथे एसीसी कंपनीचा सिमेंट कारखाना १९६५ मध्ये आला. भाजलेल्या व जखमी झालेल्या कामगारांवरील त्वचारोपण हा अशा औद्योगिक पट्ट्यात प्लास्टिक सर्जरीचा प्रथम परिचय असतो, तर सौंदर्यासाठीचे केशरोपण उत्पन्न व हौस वाढल्यावर येते. जामुलसारख्या ठिकाणच्या नोकरदाराला दुसऱ्या शस्त्रक्रियेचा विचार करताना वेगळे प्रश्नही सोडवावे लागतात : पहिले काही दिवस कलमांना घर्षण झाले तर ती निसटू शकतात, आणि सिमेंटच्या धुळीत सुरक्षा-टोप घालून काम करणाऱ्याला डोके उघडे व स्वच्छ ठेवण्यासाठी रजा काढणे अपरिहार्य होते.

सध्याच्या तंत्राकडे नेणारा टप्पा सूक्ष्मदर्शकाने गाठला. जॉन हेडिंग्टन यांनी १९८४ मध्ये डोक्यावरील केस एकेकटे न उगवता एक ते चार केसांच्या नैसर्गिक पुंजांत उगवतात हे दाखवले, आणि टेक्सासमधील बॉबी लिमर यांनी १९८८ पासून मागच्या त्वचेची एक पट्टी काढून, तिचे सूक्ष्मदर्शकाखाली पुंजनिहाय तुकडे करून रोपण सुरू केले. याला पट्टी-पद्धत किंवा एफयूटी म्हणतात. तिच्यात मागे एक रेषेसारखा व्रण राहतो. रॉबर्ट बर्नस्टाइन व विल्यम रासमन यांनी २००२ मध्ये वर्णन केलेल्या एफयूई पद्धतीत एक मिलिमीटरच्या आसपास व्यासाच्या पात्याने प्रत्येक पुंज स्वतंत्रपणे बाहेर काढला जातो. या पद्धतीत लांब रेषा टळते, पण असंख्य बारीक ठिपक्यांचे व्रण उरतात, आणि जास्त पुंज काढले तर मागचा भाग विरळ व कुरतडल्यासारखा दिसू लागतो.

दुसऱ्यांदा केशरोपण करवून घेणाऱ्याचा हिशोब या दोन पद्धतींच्या व्रणांत आणि मागे उरलेल्या पुंजांत असतो. एका माणसाच्या सुरक्षित दाता-भागातून आयुष्यभरात ढोबळ मानाने पाच-सहा हजार पुंजच काढता येतात, आणि एकदा काढलेला पुंज त्या जागी पुन्हा उगवत नाही. बसवलेले केस पहिल्या काही आठवड्यांत गळतात, तीन-चार महिन्यांनी पुन्हा येऊ लागतात आणि पूर्ण परिणाम दिसायला सुमारे एक वर्ष लागते, म्हणून त्याआधी दुसऱ्या बैठकीचा निर्णय घेणे म्हणजे पहिलीचा निकाल न पाहताच खर्च करणे होय. भूल स्थानिक असते, रुग्ण पालथा आणि मग उताणा असा कित्येक तास पडून राहतो. पण यावेळी मागची त्वचा आधीच्या व्रणांमुळे कडक झालेली असते, तिच्याखालच्या मुळांची दिशा वाकलेली असू शकते आणि त्यामुळे पाते फिरवताना मूळ तुटण्याचा धोका वाढतो. जुन्या मोठ्या गुच्छांची दुरुस्ती असेल तर ते काढून, त्यांतील पुंज वेगळे करून पुन्हा विखुरणे आणि पुढे एकेका केसाची मऊ रेषा देणे, असे नाजूक काम करावे लागते. स्थानिक वापराचे मिनॉक्सिडिल (अमेरिकेत १९८८) आणि गोळीच्या रूपातील फिनास्टेराइड (१९९७) यांनी मूळचे केस टिकवून दुसऱ्या शस्त्रक्रियेची गरज पुष्कळांत पुढे ढकलली. कोणत्याही शल्यचिकित्सेइतकाच त्यांचा या इतिहासावर प्रभाव आहे.

मागणी वाढली तसा प्रशिक्षणाचा प्रश्न गंभीर झाला. मार्च २०१९ मध्ये मुंबईत केशरोपणानंतर एका रुग्णाचा मृत्यू झाल्यावर या विषयाची सार्वजनिक चर्चा झाली, आणि सप्टेंबर २०२२ मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने सौंदर्यशल्यकर्म व केशरोपणासाठी मार्गदर्शक तत्त्वे काढली. कार्यशाळा किंवा यूट्यूबवरील चित्रफिती पाहून ही शस्त्रक्रिया शिकता येत नाही, हे त्यांत स्पष्टपणे नमूद होते. दुसऱ्यांदा येणाऱ्या रुग्णाच्या दृष्टीने मात्र आणखी एका गोष्टीचे महत्त्व तितकेच आहे, ती म्हणजे पहिल्या बैठकीची लेखी नोंद : किती पुंज काढले, कोणत्या भागातून, कोणत्या व्यासाच्या पात्याने आणि किती पुंज उरले असावेत. अशी नोंद रुग्णाच्या हाती नसेल तर पुढच्या शल्यचिकित्सकाला उरलेला साठा अंदाजानेच ठरवावा लागतो, आणि पूर्वीच्या तंत्रांनी केलेली चूक, म्हणजे मर्यादित साठा अमर्याद समजून खर्च करणे, नव्या उपकरणांनीही पुन्हा घडू शकते.