कुंकू काळे, कुंकू करडे

माझ्या हातून झालेल्या एका चुकीपासून सुरुवात करतो. दहाएक वर्षांपूर्वी पनवेलमधल्या जुन्या घरांविषयी एक छोटी पुस्तिका मी लिहिली. तिच्यासाठी एका वाड्यातून छायाचित्र मिळाले होते. स्टुडिओत काढलेले, जाड पुठ्ठ्यावर चिकटवलेले, मागे शाईने लिहिलेले साल १९५२. खुर्चीवर बसलेली पन्नाशीची बाई, फिकट लुगडे, खांद्यावरून पदर घट्ट ओढलेला, गळा झाकलेला. कपाळ मोकळे. मी भिंगातून पाहिले, कुंकू नव्हते. चित्राखाली मी ओळ टाकली: घरातील कर्त्या विधवा स्त्री.

पुस्तिका निघाल्यावर दोन महिन्यांनी त्या बाईंची नात माझ्या दारात उभी. साठीच्या पुढच्या, आवाज न चढवता बोलणाऱ्या. म्हणाल्या, "आजोबा गेले सहासष्ट साली. तुम्ही आजीला चौदा वर्षं आधीच विधवा करून टाकलंत." आणि पिशवीतून दुसरे छायाचित्र काढून त्यांनी माझ्यापुढे ठेवले. तेच घर, ओटीवर बसलेली तीच बाई, वयाने तरुण. कपाळावर रुपयाएवढे ठसठशीत काळे कुंकू.

काळे कुंकू कोणी लावत नाही, हे मलाही कळत होते. पण मग एका चित्रात काळे आणि दुसऱ्यात गायब, असे का? मी त्यांची माफी मागितली, ताईंना चहा दिला, आणि त्या गेल्यावर ती दोन चित्रे टेबलावर शेजारी शेजारी ठेवून बसलो. त्यानंतर हा विषय मला सोडवत नाही.

कृष्णधवल छायाचित्रात रंग नसतो असे आपण म्हणतो. ते खरे नाही. रंग असतो, पण त्याचे भाषांतर झालेले असते, आणि भाषांतर करणारा प्रत्येक काळात वेगळा. मुंबईत १८५४ साली फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली. डॉ. भाऊ दाजी लाड आणि त्यांचे बंधू नारायण दाजी हे तिचे सभासद. पुढच्याच वर्षी एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये छायाचित्रणाचा वर्ग निघाला आणि त्यातून हरिश्चंद्र चिंतामण यांच्यासारखे व्यावसायिक तयार झाले. ही मंडळी ज्या ओल्या कलोडियनच्या काचा वापरू लागली, त्यांना फक्त निळा, जांभळा आणि त्यापलीकडचा डोळ्यांना न दिसणारा प्रकाश कळत असे. हिरवा जेमतेम, पिवळा नाही, लाल तर मुळीच नाही.

याचा अर्थ आपल्याकडे काय होतो ते पाहा. कुंकू काळे. हळद काळी. झेंडूचे तोरण काळे. लाल पगडी काळी आणि भगवा झेंडाही जवळजवळ काळा. आकाश मात्र कोऱ्या कागदासारखे पांढरे, कारण निळ्यालाच काच भाळलेली. त्या काळच्या दृश्यांत ढग दिसले तर बहुतेक वेळा ते दुसऱ्या काचेवरून छापताना जोडलेले असतात. हळद लागलेल्या नवरीचा फोटो काढला असता तर तिचा चेहरा काळवंडलेला आला असता.

चेहऱ्याची गोष्ट तर अधिक गंभीर. गव्हाळ किंवा सावळी त्वचा लाल प्रकाश बराच परत पाठवते, निळा फार थोडा. निळाच पाहणाऱ्या काचेवर ती डोळ्यांना दिसते त्यापेक्षा पुष्कळ गडद उमटते. १८६८ ते १८७५ या काळात 'द पीपल ऑफ इंडिया' हे आठ खंड निघाले. जॉन फोर्ब्स वॉटसन आणि जॉन विल्यम के यांनी संपादित केलेले, जातीजमातींच्या छायाचित्रांनी भरलेले. त्या चित्रांवरून लोकांच्या वर्णाविषयी बोलण्याची सवय अजून गेलेली नाही. पण त्या वर्णात माणसाचा वाटा किती आणि काचेच्या आंधळेपणाचा किती, हा प्रश्न आधी विचारायला हवा. मी मुद्दाम केले असे म्हणत नाही. काचेला हेतू नसतो. पण जे छापून आले ते पुराव्यासारखे वापरले गेले, हेही तितकेच खरे.

बर्लिनच्या हेर्मान फोगेल यांना १८७३ साली आढळले की काचेवरच्या लेपात विशिष्ट रंगद्रव्य मिसळले तर तिला हिरवा-पिवळाही दिसू लागतो. त्यातून ऑर्थोक्रोमॅटिक काचा आणि फिल्म आल्या. त्यांनाही लाल दिसत नसे, म्हणून डार्करूममध्ये लाल दिवा लावून काम करता येई. सगळे रंग पाहणारी पॅनक्रोमॅटिक काच इंग्लंडच्या रॅटन अँड वेनराइट कंपनीने १९०६ साली बाजारात आणली. ती मात्र ठार अंधारात धुवावी लागे. जुन्या कामगारांना ते आवडले नसणार. आपल्या डोळ्यांदेखत चित्र उमटताना पाहण्याचे सुख त्यात गेले.

इथे दादासाहेब फाळके यांचा विषय काढल्यावाचून राहवत नाही, आणि तो सिनेमामुळे नव्हे. 'राजा हरिश्चंद्र' ३ मे १९१३ रोजी गिरगावच्या कॉरोनेशन सिनेमात लागला, हे शाळेतल्या मुलांनाही ठाऊक असते. त्याआधीचे फाळके छापखान्यातले. राजा रविवर्मा यांच्या छापखान्यासाठी त्यांनी काम केले, लोणावळ्याला स्वतःचा ठसे कोरण्याचा आणि छपाईचा कारखाना काढला, आणि १९०९ साली रंगीत छपाईची यंत्रे आणण्यासाठी जर्मनी गाठली. त्याच वर्षी काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी 'मनोरंजन'चा दिवाळी अंक काढला, म्हणजे वाचकांच्या हातात आहे त्या प्रकारच्या अंकाचा जन्म आणि फाळक्यांची ती वारी एकाच सालातली. लोणावळा आमच्या डोक्यावर, घाट चढला की आलेच. आगगाडी नव्हती तेव्हा मुंबईहून पुण्याला जाणारी माणसे पनवेलपर्यंत होडीने येत आणि इथून बोरघाटाची वाट धरीत.

तिरंगी छपाईची युक्ती अशी: एकाच चित्राचे तीन कृष्णधवल फोटो काढायचे, एक लाल काचेतून, एक हिरव्या, एक निळ्या. लाल काचेतल्या निगेटिव्हवरून निळ्या शाईचा ठसा, हिरव्यातून लाल शाईचा, निळ्यातून पिवळ्या शाईचा. तिन्ही ठसे एकावर एक बरोबर बसले की चित्र रंगीत. म्हणजे रंगीत चित्राच्या पोटात तीन कृष्णधवल चित्रे असतात, आणि ती तिन्ही एकमेकांपासून अगदी वेगळी दिसतात. लाल काचेतल्या चित्रात कुंकू पांढुरके. हिरव्यातल्या चित्रात काळे. फाळक्यांच्या पिढीतल्या ठसे करणाऱ्यांना हे हाताला ठाऊक होते. आम्ही विसरलो.

आज माझ्या गळ्यात असतो तो डिजिटल कॅमेरा याच कल्पनेवर चालतो. आतला सेन्सर स्वतः रंगांधळा, पडलेला प्रकाश तेवढा मोजतो. कोडॅकमधल्या ब्राइस बेयर यांनी १९७६ साली पेटंट मिळवलेली मांडणी त्याच्यावर बसवलेली असते. सूक्ष्म रंगीत चौकटी, दर चारांत दोन हिरव्या, एक लाल, एक निळी. फाळक्यांचे तीन फोटो इथे एका क्षणात निघतात. मग कॅमेऱ्यातला संगणक त्या तिघांची बेरीज करून करडा रंग ठरवतो. टीव्हीच्या जुन्या प्रमाणानुसार या बेरजेत हिरव्याला सुमारे ५९ टक्के, लालला ३० आणि निळ्याला ११ टक्के वजन. हे झाले साधे भाषांतर, बाजूला कोणीही न बसवता केलेले.

खरी मजा मेनूत आहे. बहुतेक कॅमेऱ्यांत मोनोक्रोम नावाची शैली असते. ती निवडली की आत आणखी एक खाना उघडतो: फिल्टर नाही, पिवळा, नारिंगी, लाल, हिरवा. हे शब्द कुठून आले, असा प्रश्न नव्या मुलांना पडतो, कारण समोर काच तर लावलेली नसते. ते आले रॅटनच्या काचांवरून, ज्यांचे क्रमांक जुन्या छायाचित्रकारांना पाढ्यांसारखे पाठ असत: ८ म्हणजे पिवळा, २५ म्हणजे लाल, ५८ म्हणजे हिरवा. कॅमेरा आता काच लावत नाही, बेरजेतली वजने बदलतो. पिवळा निवडला तर आकाश थोडे उतरते आणि ढग सुटे दिसतात. लाल निवडला तर आकाश काळेभोर. पाऊस सरल्यावर ऑक्टोबरच्या स्वच्छ सकाळी कर्नाळ्याचा सुळका या सेटिंगवर असा उभा राहतो की डोंगराचा दरारा वाटावा. मात्र खालचे रान त्याच्याबरोबर काळवंडते. हिरव्यावर नेले की रान उजळते, पाने सुटी होतात, आणि सुळका पुन्हा साधा दगड होतो.

दोन सावधगिरीच्या गोष्टी सांगतो, कारण दोन्हींत मी फसलो आहे. मेनूतला लाल फिल्टर म्हणजे खरी लाल काच नव्हे. निळ्या आकाशातून लाल चौकटींना मुळात प्रकाश कमी मिळतो, त्यालाच वजन दिले की काळ्या आकाशात रवाळपणा उमटतो. खऱ्या काचेत निळा प्रकाश दारातच अडतो आणि आपण त्या हिशोबाने एक्स्पोजर वाढवतो. दुसरी गोष्ट व्हाइट बॅलन्सची. कृष्णधवलात त्याचे काय काम, असे वाटते. पण बेरीज होते ती व्हाइट बॅलन्स लागल्यानंतर. बल्बच्या उजेडात घेतलेला चेहरा 'सावली' या सेटिंगवर ठेवला की लाल वाढतो आणि चेहरा गोरा होतो. कॉन्ट्रास्ट मी शक्यतो शून्यावर किंवा एक घर खाली ठेवतो. सावळ्या चेहऱ्यातले बारकावे आधी तिथेच बुडतात.

हे सगळे कळल्यावर मी ताईंच्या दोन चित्रांकडे परत आलो. ओटीवरच्या चित्रात कौले काळी, आकाश पांढरे, ओठही काळपट. लाल न दिसणारी फिल्म किंवा काच, हे उघड होते. स्टुडिओतले चित्र उलट. तोवर पॅनक्रोमॅटिक फिल्म सगळीकडे झाली होती, आणि स्टुडिओत विजेचे मोठे दिवे. त्या दिव्यांच्या उजेडात लाल भरपूर. लाल कुंकू आणि गव्हाळ कपाळ, दोन्ही लाल परत पाठवणारी, करड्यात जवळजवळ एकरूप झाली. त्यातच प्रिंट उडालेली. शिवाय त्या काळी स्टुडिओत टचिंग करणारा माणूस असे. तो निगेटिव्हवर बारीक पेन्सिल फिरवून सुरकुत्या आणि डाग उजळवी. जाणता असेल तर कुंकवाला धक्का लावत नसे, किंवा प्रिंटवर ब्रशाने शाईचा ठिपका देऊन ते परत आणी. या चित्रावर तसा ठिपका नाही. तिरप्या उजेडात धरल्यावर मात्र कपाळाच्या मधोमध एक अगदी पुसट वर्तुळ दिसते. ते पहिल्या वेळी माझ्या नजरेतून सुटले, कारण मी काळे कुंकू शोधत होतो.

पुस्तिकेच्या पुढच्या आवृत्तीत ओळ बदलली. पण बदलून भागत नाही. आपल्याकडच्या किती संग्रहांत, किती घराण्यांच्या इतिहासांत, कपाळ पाहून बायकांची ओळख ठरवली गेली असेल? मोकळे कपाळ, फिकट लुगडे, म्हणजे विधवा, हा तर्क मी एकट्यानेच केला असेन असे मला वाटत नाही. लुगडे फिकट दिसते म्हणजे ते फिकट होतेच असे नाही. निळाच पाहणाऱ्या काचेवर आकाशी लुगडे पांढरे उमटते. जुन्या फोटोखाली नाव, गाव, साल लिहिणारे बरेच. प्लेट किंवा फिल्म कोणती, हे लिहिलेले मला क्वचितच आढळले. काचांच्या खोक्यांवर ते छापलेले असे, आणि खोकी लोकांनी बटणे ठेवायला वापरली.

आणि आपण तरी काय करतो आहोत? कॅमेऱ्यात रॉ फाइल ठेवली तर तिच्यात तिन्ही रंगांची मोजणी शाबूत राहते, मोनोक्रोम ही नुसती सूचना म्हणून सोबत असते. नुसती जेपेग ठेवली तर रंग कायमचा गेला, उरले ते भाषांतर. कोणता फिल्टर होता याची नोंद फाइलच्या पोटात असते खरी, पण फोटो व्हॉट्सअॅपवरून पाठवला की बहुधा तीही झडते. म्हणून मी दोन्ही ठेवतो, रॉ आणि जेपेग. जागा जास्त लागते, लागू दे. २०१२ साली लायका कंपनीने रंगीत चौकटी काढून टाकलेला, निव्वळ कृष्णधवल कॅमेरा काढला. त्याला आकाश काळे करायचे तर पुन्हा भिंगापुढे खरी काच लावावी लागते. मला ते आवडले, परवडले नाही.

गेल्या संक्रांतीच्या हळदीकुंकवाला ताईंनी मला घरी बोलावले. बायकांच्या कार्यक्रमात माझे काम फोटोचे, म्हणून मान मिळाला. खिडकीपाशी त्यांना बसवून मी एकाच जागेवरून चार फोटो काढले: फिल्टर नाही, पिवळा, लाल, हिरवा. कॅमेऱ्याच्या मागच्या पडद्यावर एकेक करून दाखवले. लालवर त्यांचे कपाळ मोकळे झाले. त्या काही बोलल्या नाहीत, नुसते बोट पुढे करून पुढचा दाखवायची खूण केली. हिरव्यावर कुंकू आले, ओटीवरच्या आजीसारखेच काळे. चेहरा थोडा सावळा उतरला.

"हाच द्या," म्हणाल्या.

प्रिंट काढून दिली तेव्हा मागे पेन्सिलीने लिहिले: पनवेल, संक्रांत, खिडकीचा उजेड, मोनोक्रोम, फिल्टर हिरवा. कुंकू लाल.