‘पहद’ : इसहाक ज्याला भितो तो

हिब्रू बायबलात भीतीसाठी शब्दांची वाण नाही. ‘यिर्आ’ हा त्यांतला सर्वांत रुळलेला. भयापासून भक्तीपर्यंत सगळे त्यात मावते. उत्पत्तीच्या १५व्या अध्यायात सूर्य मावळताना अब्रामावर काळोखासारखी दाटून येते ती ‘एमा’. ‘हरादा’ म्हणजे थरकाप. ‘पहद’ याच कुळातला, पण त्याची चाल निराळी आहे. ती नीट न पाहिल्यानेच उत्पत्ती ३१मधल्या एका नावावरून अभ्यासकांचा वाद वाढत गेला, असे मला वाटते. (आजच्या इस्रायलमध्ये मधला ‘ह’ बहुतेक जण ‘ख’सारखा उच्चारतात आणि हा शब्द रोजच्या साध्या भीतीसाठी वापरतात. त्यामुळे आधुनिक हिब्रू जाणणाराच इथे आधी फसतो.)

पहद मनात उगवण्यापेक्षा बाहेरून येऊन माणसावर कोसळतो. त्याच्याबरोबर येणारे क्रियापद अनेकदा ‘नाफल’, म्हणजे पडणे, हे असते. शौल बैलांची जोडी कापून तिचे तुकडे इस्राएलभर पाठवतो, तेव्हा लोकांवर परमेश्वराचा पहद पडतो आणि सारे एकजुटीने बाहेर पडतात (१ शमुवेल ११). एस्तेरच्या पुस्तकात तो मर्दखयाच्या नावाने अधिकाऱ्यांवर पडतो. ईयोबाच्या ४थ्या अध्यायात अलीफज रात्रीचा अनुभव सांगतो: पहदाने गाठले, हाडेन् हाडे हलली, अंगावर काटा उभा राहिला. इथे विचाराआधी शरीर बोलते.

म्हणूनच यशया ६०:५ महत्त्वाचे. दूर गेलेली मुले परत येताना पाहून सियोनेचे हृदय ज्या क्रियापदाने थरारते, ते याच धातूचे. आणि तिथे प्रसंग आनंदाचा आहे. यिर्मया ३३:९मध्येही राष्ट्रे थरथरतात ती यरुशलेमेचे भले झालेले ऐकून. तेव्हा धातूच्या गाभ्याशी थरथर आहे आणि भीती हे तिचे नेहमीचे कारण, असे मानणे मला सयुक्तिक वाटते.

दुसरी गोष्ट अर्थविस्ताराची. नीतिसूत्रांच्या पहिल्या अध्यायात ‘तुमचा पहद’ वादळासारखा येतो. वादळासारखी येते ती मनःस्थिती नव्हे. ज्याची धास्ती घेतली होती ते संकटच दारात उभे राहते. ईयोब ३:२५मध्येही तेच: ज्याला भ्यालो, तेच पुढ्यात आले. भावनेचे नाव तिच्या विषयाला मिळाले.

आता उत्पत्ती ३१. इसहाकाचा मुलगा याकोब वीस वर्षे सासऱ्याकडे, लाबानाकडे राबून बायकामुले आणि कळप घेऊन निघाला आहे. लाबान पाठलाग करून गिलादाच्या डोंगरात त्याला गाठतो. पण आदल्या रात्रीच देवाने स्वप्नात त्याला दम भरलेला आहे. याकोब संतापून म्हणतो की अब्राहामाचा देव आणि ‘पहद यित्सहाक’ (इसहाकाचा पहद) पाठीशी नसता तर तू मला रिकाम्या हाताने घालवले असतेस. पुढे करार होतो तेव्हा लाबान अब्राहामाच्या आणि नाहोराच्या देवाला साक्षी ठेवतो. याकोब शपथ घेतो ती आपल्या बापाच्या पहदाची.

आल्ब्रेख्त आल्ट या जर्मन अभ्यासकाने १९२९मध्ये पूर्वजांच्या देवांवर प्रबंध लिहिला. त्याच्या मते हे एका स्वतंत्र कुलदेवाचे जुने नाव. पुढे ऑलब्राइटने पाल्मिरा येथील अरामी भाषेतल्या ‘कूळ’ अर्थाच्या शब्दावरून ‘इसहाकाचा आप्त’ असा अर्थ सुचवला. डेल्बर्ट हिलर्सने १९७२मध्ये तो खोडला: त्या शब्दाचा अर्थ मांडी किंवा कूळ होतो, आप्त नव्हे. काहींनी मग मांडीच धरली. ईयोब ४०:१७मध्ये बेहेमोथाच्या वर्णनात तसा शब्द येतो, आणि अब्राहामाचा सेवक मांडीखाली हात ठेवून शपथ घेतो हेही खरे. पण त्या शपथेतला शब्द ‘यारेख’ आहे, पहद नाही. इथेच ही उपपत्ती लंगडी पडते.

व्याकरणाची अडचण मात्र खरी आहे. ‘परमेश्वराचा पहद’, ‘शत्रूचा पहद’, ‘मर्दखयाचा पहद’ अशा जोड्यांत दुसरे पद भीती घालणाऱ्याचे असते. त्या न्यायाने इसहाकच भीती घालणारा ठरेल, आणि संदर्भात ते बसत नाही. पण ‘तुमचा पहद’ ही रचना वाट दाखवते: तिथे षष्ठीतला माणूस भिणारा आहे आणि पहद म्हणजे ज्याला भ्यावे ते. यशया ८:१३मध्ये, शब्द वेगळे असले तरी, परमेश्वरालाच ‘तुमचे भय’ म्हटले आहे. म्हणून ‘इसहाक ज्याला भितो तो’ हाच अर्थ सरळ, आणि कथेलाही तोच शोभतो, कारण लाबानाचा हात त्या रात्री नेमक्या त्याच्याच धाकाने आखडला होता.

आल्टचा कुलदेव अशक्य नाही. पण सगळी भिस्त एकाच अध्यायावर आहे. हे नाव हिब्रू बायबलात ३१:४२ आणि ३१:५३ या दोनच ठिकाणी येते. तेवढ्यावर एक आख्खा पंथ उभा करता येत नाही.