ज्योतिर्विद्येचा खर्च कोणी सोसावा?

वर्धा जिल्ह्यातील पुलगाव हे नाव आजच्या वाचकांस बहुधा दोन कारणांनी ठाऊक असते. एक तेथील दारूगोळ्याचे मोठे कोठार, आणि दुसरे मुंबई-नागपूर लोहमार्गावरील स्थानक. परंतु या गावास ज्योतिर्विद्येच्या इतिहासातही एक लहानसे स्थान आहे. सन १८९८ च्या जानेवारीच्या २२ व्या तारखेस भर दुपारी येथे सूर्यास खग्रास ग्रहण लागले. त्या दोनेक मिनिटांच्या काळोखासाठी केंब्रिजचे न्यूऑल आणि इंग्रजी सैन्यातील कॅप्टन हिल्स हे दोन ज्योतिर्विद विलायतेहून जड पेट्या घेऊन पुलगावी येऊन राहिले होते. खग्रासाचा पट्टा कोकणात विजयदुर्गाजवळ देशावर चढून सोलापूर जिल्ह्यातील जेऊर, वऱ्हाडातील तळणी व आमचे पुलगाव असा ईशान्येकडे गेला होता, आणि या वाटेवर जागोजाग दुर्बिणी रोखल्या गेल्या होत्या.

आता या तारखेच्या भोवतालचा काळ ध्यानात घ्यावा. १८९६-९७ च्या दुष्काळाने मध्यप्रांत पोळून निघाला होता. पुण्यामुंबईस प्लेगने घरेच्या घरे ओस पाडली होती. अशा वेळी, ज्या प्रकाशाने कोणाची भाकर भाजली जात नाही त्याचे पृथक्करण करण्यासाठी हजारो रुपये खर्च व्हावेत, हे पाहणाऱ्या शेतकऱ्याच्या मनात काय आले असेल? त्याच्या मनातला प्रश्न आम्ही क्षुद्र मानीत नाही. तोच प्रश्न आज महासंगणकासाठी कोट्यवधी रुपये मागितले जातात तेव्हा सुशिक्षित घरांतून विचारला जातो. म्हणून आकाशाच्या अभ्यासास आपल्याकडे पैसा कोठून आला व त्याचे पुढे काय झाले, हे एकवार क्रमाने पाहणे उचित होईल.

पुलगावच्या मंडळींचा खर्च विलायतेतील विद्वत्सभांच्या ग्रहणसमितीकडून झाला. जेऊरास अमेरिकेच्या लिक वेधशाळेचे कँपबेल आले होते. त्यांच्या मोहिमेचा भार क्रॉकर नावाच्या एका धनिकाने उचलला होता. पण त्याच जेऊरास आणखी एक तळ पडला होता, आणि तो आमच्या दृष्टीने अधिक महत्त्वाचा. तो होता पुण्याच्या सायन्स कॉलेजातील अध्यापक कावसजी दादाभाई नेगमवाला यांचा.

नेगमवाला हे आरंभी मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवीत. १८८२ साली भावनगरचे महाराज तख्तसिंहजी यांनी वर्णपटाच्या अभ्यासासाठी एक प्रयोगशाळा व्हावी म्हणून पाच हजार रुपये दिले, आणि मुंबई सरकारने तितकीच भर घातली. नेगमवाला विलायतेस गेले, तेथील जाणत्यांशी बोलले, आणि प्रयोगशाळेऐवजी वेधशाळाच उभारावी असे ठरले. मुंबईपेक्षा पुण्याचे आकाश निर्मळ, म्हणून त्यांची बदली पुण्यास झाली, आणि १८८८ साली सायन्स कॉलेजाच्या आवारात महाराजा तख्तसिंहजी वेधशाळा सुरू झाली. तिची वीस इंच व्यासाची परावर्तक दुर्बीण पुढे कित्येक दशके हिंदुस्थानातील सर्वांत मोठी दुर्बीण होती. दाता गुजराती, अध्यापक पारशी, कॉलेज महाराष्ट्रातले. विद्येस प्रांत नसतो हे आपण भाषणांतून पुष्कळ म्हणतो, येथे ते जमाखर्चाच्या वहीत लिहिले गेले होते.

या वेधशाळेने केवळ शोभा वाढविली असे नाही. मृग नक्षत्रातील तेजोमेघाच्या वर्णपटातील मुख्य रेषेविषयी त्या काळी लॉकियर या मोठ्या इंग्रज शास्त्रज्ञाने एक मत मांडले होते. ती रेषा मॅग्नेशियमची असून एका बाजूस पुसट होत जाते, असे त्याचे म्हणणे. नेगमवाला यांनी पुण्याहून वेध घेतले आणि ती रेषा दोन्ही बाजूंनी रेखीव दिसते असे १८९१ साली प्रसिद्ध केले. पुण्याच्या एका कॉलेजातील अध्यापकाने यंत्राच्या बळावर लंडनच्या मातब्बर पंडिताशी समोरासमोर वाद घालावा, ही गोष्ट त्या काळात लहान नव्हती.

आणि मग काय झाले? १९१२ साली नेगमवाला सेवानिवृत्त झाले आणि वेधशाळा बंद झाली. त्यांच्या मागे त्यांचे काम चालवील असा मनुष्य नेमलेला नव्हता, आणि तो तयार करण्याची सोयही कोणी केलेली नव्हती. दुर्बीण व इतर साहित्य दक्षिणेत कोडाईकॅनालच्या सौर वेधशाळेकडे रवाना झाले. तेथेही दुर्बीण निकामी झाली नाही. १९८० नंतरच्या दशकात लडाखमध्ये लेह येथे नव्या वेधशाळेसाठी जागेची परीक्षा करताना हीच भावनगरची दुर्बीण पुन्हा उपयोगी पडली. म्हणजे यंत्र शंभर वर्षे टिकले. संस्था चोवीस वर्षांत संपली. महाराजांचा पैसा भिंगाआरशांस पुरला, परंपरेस पुरला नाही.

कोडाईकॅनालचा उल्लेख आला आहे तर त्या शेतकऱ्याच्या प्रश्नाचे अर्धे उत्तर येथेच देऊन टाकू. १८९९ साली सुरू झालेली ती सौर वेधशाळा सरकारने ज्योतिर्विद्येच्या प्रेमाने उभारली नाही. मद्रास इलाख्यातील १८७६ च्या भीषण दुष्काळानंतर, सूर्यावरील घडामोडी व पर्जन्यमान यांचा काही संबंध लागतो काय, हे पाहण्याची निकड सरकारास भासली. तो संबंध अपेक्षेप्रमाणे सरळ लागला नाही. पण त्या निमित्ताने जमलेल्या सूर्याच्या छायाचित्रांचा संग्रह आजही जगभरचे अभ्यासक वापरतात. दुष्काळ हे आकाशाकडे पाठ फिरविण्याचे कारण ठरले नाही, उलट तिकडे डोळे लावण्याचेच कारण ठरले.

दुर्बिणीचा काळ असा गेला. पुढे आकाशाच्या अभ्यासास एका निराळ्याच यंत्राची गरज पडू लागली. ती का पडली, हे एका हिशेबाने सांगतो. गुरुत्वाकर्षणाने प्रत्येक तारा दुसऱ्या प्रत्येक ताऱ्यास ओढतो. तीन तारे असतील तर तीन जोड्या, दहा असतील तर पंचेचाळीस. दहा लक्ष ताऱ्यांचा पुंज घेतला तर जोड्या होतात पाचशे अब्जांच्या घरात. एका माणसाने दर सेकंदास एक जोडी सोडविली, तर पुंज एक पाऊल पुढे सरकलेला पाहण्यास त्याला सुमारे १५,८०० वर्षे लागतील. आणि अशी पावले हजारो टाकावयाची असतात. जुन्नर तालुक्यातील खोडद येथील प्रचंड रेडिओ-दुर्बिणीचेही असेच आहे. तिच्यात पंचेचाळीस मीटर व्यासाच्या तीस तबकड्या आहेत. प्रत्येक तबकडीचा संकेत इतर प्रत्येकीशी ताडून पाहावा लागतो, म्हणजे ४३५ जोड्या, क्षणोक्षणी. येथे नुसता डोळा पुरत नाही; गणिताचा जबरदस्त हात लागतो. तो हात म्हणजे महासंगणक.

या हाताचा आपल्याकडील इतिहासही मुंबईपुण्याभोवतीच फिरतो. टाटा विश्वस्तनिधीच्या साहाय्याने १९४५ साली होमी भाभांनी स्थापिलेल्या मूलभूत संशोधन संस्थेत, परदेशी यंत्र विकत न आणता, आपले आपण गणकयंत्र बांधण्याचे काम हाती घेतले गेले. १९५६ मध्ये त्याचा नमुना चालू झाला व १९६० मध्ये पूर्ण यंत्र. पुढे त्यास टिफ्रॅक हे नाव मिळाले. पण १९६४ साली त्याच संस्थेत अमेरिकन बनावटीचे कितीतरी वेगवान यंत्र आले, आणि टिफ्रॅक मागे पडले. अवघी चार वर्षे! तरीही ते बांधणाऱ्या तरुणांनी जे ज्ञान मिळविले, त्यातून देशातील संगणकविद्येची पहिली पिढी उभी राहिली. पुण्याच्या वेधशाळेच्या नेमकी उलट ही गोष्ट आहे: येथे यंत्र संपले आणि माणसे उरली.

यानंतरचा अध्याय वाचकांच्या चांगला परिचयाचा आहे. १९८० नंतरच्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेने आपले महासंगणक भारतास देताना हात आखडला. हवामानाच्या कामासाठी एक दिला तोही अटी घालून, आणि बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेस हवा असलेला दिलाच नाही. तेव्हा १९८८ साली पुण्यास सी-डॅक ही संस्था निघाली. तिचे प्रमुख विजय भटकर हे आमच्याच विदर्भातले. अकोला जिल्ह्यातील मुरंबा हे त्यांचे गाव, आणि नागपूरच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातून ते पदवीधर झाले. तीन वर्षे मुदत व तीस कोटी रुपये एवढ्या भांडवलावर १९९१ साली 'परम ८०००' तयार झाला. एक मोठे यंत्र मिळेना, तर लहान लहान गणकांस एकत्र जुंपून तेच काम करून घ्यावे, ही त्यामागील कल्पना. एकाच बलाढ्य बैलाऐवजी अनेक जोड्या लावून जड नांगर ओढावा, तशी.

त्याच १९८८ साली विद्यापीठ अनुदान मंडळाने पुणे विद्यापीठाच्या आवारात 'आयुका' हे खगोलविज्ञानाचे केंद्र स्थापिले. त्याचे पहिले संचालक कै. जयंत नारळीकर यांचे २०२५ साली निधन झाले. त्यांच्या कल्पनेचे मर्म आमच्या मते पुरेसे ओळखले गेलेले नाही. प्रत्येक विद्यापीठास स्वतःची मोठी साधने परवडणार नाहीत. म्हणून एक उत्तम साधन एके ठिकाणी ठेवावे, आणि देशातील कोणत्याही विद्यापीठाच्या अध्यापकास व विद्यार्थ्यास तेथे येऊन ते वापरता यावे, ही ती कल्पना. गावाची एक विहीर असावी तसे हे. येथेच १९९० च्या सुमारास संजीव धुरंधर व त्यांचे सहकारी यांनी, कोलाहलात बुडालेला गुरुत्वतरंगाचा क्षीण स्वर गणिताने कसा वेचून काढावा, याच्या पद्धती रचल्या. तो स्वर प्रत्यक्ष सापडला १४ सप्टेंबर २०१५ रोजी, अमेरिकेत. तसलीच वेधशाळा मराठवाड्यात हिंगोली जिल्ह्यातील औंढा नागनाथजवळ व्हावी म्हणून २०२३ साली केंद्र सरकारने २,६०० कोटी रुपये मंजूर केले आहेत.

महासंगणकांसाठीही पैसा आला. २०१५ साली सात वर्षांकरिता ४,५०० कोटींची राष्ट्रीय योजना मंजूर झाली. तिच्यातून २६ सप्टेंबर २०२४ रोजी 'परम रुद्र' नावाचे तीन महासंगणक पुणे, दिल्ली व कोलकाता येथे सुरू झाले. तिहींचा खर्च १३० कोटी. पुण्याचा खोडदच्या दुर्बिणीच्या कामी आहे, कोलकात्याचा विश्वरचनाशास्त्रासारख्या विषयांच्या. हे सर्व आनंदाचे आहे. पण आम्हांस पुण्याची बंद पडलेली वेधशाळा विसरता येत नाही.

कारण महासंगणक ही दुर्बिणीहून अगदी निराळ्या जातीची वस्तू आहे. आरशास नवा मुलामा दिला की दुर्बीण पुन्हा तरुण होते. महासंगणक पाचसात वर्षांत म्हातारा होतो, आणि तोपर्यंत रात्रंदिवस वीज खातो, थंड हवा मागतो, आणि त्यास बोलते करणारी शहाणी माणसे मागतो. दुर्बीण ही इमारतीसारखी आहे. एकदा बांधली की नातवंडे राहतात. महासंगणक शेतीसारखा आहे. दरवर्षी पेरावे लागते. आणि आपली देण्याची रीत मात्र अजून इमारत बांधणाऱ्याची आहे. कोनशिला बसते, फीत कापली जाते, वर्तमानपत्रांत छायाचित्र येते. पाचव्या वर्षीच्या वीजबिलाचे छायाचित्र कोणी काढीत नाही. आम्ही शिकविले त्या एका महाविद्यालयात अनुदानातून आणलेला वर्णपटमापक दोन वर्षे कपाटात पडून होता, कारण त्याचा दिवा गेला होता. यंत्रास शीर्षक होते, दिव्यास अंदाजपत्रकात शीर्षक नव्हते! दिवा काही शे रुपयांचा होता.

वर्ध्याकडे राहणाऱ्या लेखकाने यंत्राची वकिली करावी याचे काहींस नवल वाटेल. पण ज्यांच्या नावाने हा प्रश्न विचारला जातो त्या महात्माजींच्या चरखासंघाने १९२९ साली सुधारलेल्या चरख्यासाठी एक लाख रुपयांचे बक्षीस लावले होते, हे विसरू नये. त्या काळचे एक लाख! त्यांचा विरोध यंत्रास नव्हता. यंत्र कोणाच्या हाती राहते आणि कोण त्याचा दुरुस्तीवाला, यावर त्यांचा कटाक्ष होता. चरखा खेड्यातच दुरुस्त झाला पाहिजे, ही त्यांची अट. महासंगणकासही तीच अट लावून पाहावी. तो विकत घेता आला एवढ्याने तो आपला होत नाही. तो चालविणारी, बिघडल्यास सुधारणारी आणि त्यास योग्य प्रश्न विचारणारी माणसे आपल्या विद्यापीठांत तयार होत असतील, तरच तो आपला.

याचा मार्गही आमच्या विदर्भातच दाखविला गेला आहे. कामठीचे रावबहादूर डी. लक्ष्मीनारायण १९३० साली वारले, तेव्हा त्यांनी आपली सुमारे पस्तीस लक्षांची मालमत्ता नागपूर विद्यापीठास उपयुक्त विज्ञानाच्या शिक्षणासाठी ठेविली. त्या निधीतून १९४२ साली जी संस्था उभी राहिली ती आजही नांदती आहे. महाराज तख्तसिंहजींचे औदार्य कमी होते असे आमचे म्हणणे नाही. फरक देणगीच्या स्वरूपात आहे. एकाने यंत्र दिले, दुसऱ्याने निधी दिला. यंत्र माणसाबरोबर निघून गेले, निधीने माणसांची रांग लावली.

म्हणून आमचे मत थोडक्यात असे. आकाशाच्या अभ्यासास सरकारने पैसा द्यावा, धनिकांनीही द्यावा. पण यंत्रासाठी ठेवलेल्या प्रत्येक रुपयामागे त्या यंत्राच्या सर्व आयुष्याचा, आणि त्यावर काम करणाऱ्या तरुणांच्या वेतनाचा हिशेब पहिल्याच दिवशी मांडलेला असावा. हे होत नसेल तर यंत्र लहान घ्यावे. माणसे कमी करू नयेत. पुलगावच्या, हिंगणघाटच्या, आर्वीच्या महाविद्यालयांस महासंगणक नको आहे. दूर पुण्यास असलेल्या महासंगणकास प्रश्न पाठविता येईल अशी तार आणि तो प्रश्न रचता येईल असा एक अध्यापक, एवढेच हवे आहे. तार बहुतेक ठिकाणी पोचलीही आहे. अध्यापकाच्या जागा मात्र भरावयाच्या आहेत.

१८९८ साली ग्रहण सुटल्यावर साहेबांनी आपल्या पेट्या भरल्या आणि आगगाडीने ते निघून गेले. पुलगावात मागे काही उरले नाही. पाहुण्यांचे यंत्र पाहुण्यांबरोबर जावे यात नवल नाही. पण आपल्याच घरच्या यंत्रांनी तसे जाऊ नये, एवढी काळजी घेणे आपल्या हाती आहे.